पाच हजार भाचे

भुजंगरावांनी आयुष्यात एकही कोंबडी पाळली नाही, आणि त्यामुळेच कोंबडीपालनाबद्दलची त्यांची मतं पक्की होती. पाळणाऱ्याला शंका येतात. भुजंगरावांना कधी आली नाही. घनसावंगी तालुक्यात जिथं म्हणून पत्र्याचं लांबलचक शेड उभं राहिलं, तिथं ते न बोलावता पोचले. सरळ आत शिरायचे, एखादं पिल्लू उचलायचे, उलटं धरून त्याच्या मागच्या पिसांत फुंकर मारायचे आणि निकाल द्यायचे, "नर." नाहीतर, "मादी." ब्रॉयलरचं पिल्लू नर आहे की मादी, यानं मालकाला, कंपनीला आणि शेवटी खाणाऱ्याला काडीचाही फरक पडत नाही. पण एखादी गोष्ट इतक्या खात्रीनं सांगितली की माणूस मान डोलवतोच. मग पिल्लू खाली ठेवून ते पुढच्या शेडकडे निघायचे. चपला त्याच, हात तेच, फुंकर तीच.

भारतचे ते सख्खे मामा. भारतची आई चतुराबाई त्यांची थोरली बहीण. त्यामुळे भारतच्या शेडवर त्यांचा हक्क इतरांच्या शेडपेक्षा अंमळ जास्त होता.

शेड भारतचं असलं तरी आतली पिल्लं कंपनीची. कंपनी पिल्लं आणून टाकते, खाद्य देते, औषध देते. आपण ती वाढवायची आणि मोठी झाली की कंपनीचीच गाडी येऊन घेऊन जाते. मागच्या खेपेला मामा असेच एका शिंकणाऱ्या शेडवरून थेट भारतकडे आले, चार-दोन पिल्लांना फुंकर मारून गेले, आणि आठवडा व्हायच्या आत भारतची पिल्लंही शिंकायला लागली. मग त्यांनी माना टाकल्या. उरली ती गाडीत घालताना कंपनीच्या माणसानं भारतकडे असं बघितलं, की जणू त्यानंच रात्री उठून त्यांना शिंकायला शिकवलं होतं. वरून निरोप आला: अजून एक बॅच अशी गेली तर पुन्हा पिल्लं मिळणार नाहीत.

पिल्लं नसली तर त्या शेडचं काय करायचं, हा प्रश्न भारतची बायको सुरेखा हिला पडला होता. भारतला पडला नव्हता, कारण त्याला त्याहून अवघड प्रश्न पडला होता. मामाला "आत येऊ नका" कसं म्हणायचं?

"तुमीच सांगा की," सुरेखा म्हणाली.

"मी लहान हाय त्यांच्यापेक्षा."

"मंग मोठे कधी व्हणार?"

भारतनं यावर विचार केला आणि तो म्हशीला पाणी पाजायला निघून गेला. म्हैस नुकतीच पाणी प्यायली होती.

नवी पिल्लं आली तेव्हा थंडी ऐन भरात होती. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके टेम्पोतून उतरले, आणि प्रत्येक खोक्यातून एकच गलका. खोका तिरपा केला की पिवळे कापसाचे बोळे कागदावर घरंगळत यायचे आणि लगेच पायांवर उभे राहून कुणीतरी आपल्याला फसवलंय अशा नजरेनं इकडंतिकडं बघायचे. शेडात भाताचा तूस अंथरलेला, वर वर्तमानपत्रं, भोवती पत्र्याचं कडं, मधे कोळशाच्या शेगड्या, भांड्यांत गुळाचं पाणी. कंपनीची सुपरवायझर सुमेधा जालन्याहून आली होती. ती प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात बुडतेय की नाही हे बघत होती आणि सोबत सूचना देत होती.

"पहिले पंधरा दिवस फार जपायचं. ऊब कमी पडली तर एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. उत्तरेचा पडदा फाटलाय, तो बदला. आणि बाहेरचा एकही माणूस आत नको. घरच्यांनीसुद्धा दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवून, आतल्या चपला घालूनच यायचं."

"पावण्याला बी?" भारतनं विचारलं.

"पाहुण्याला तर आधी."

भारतनं सुरेखाकडं बघितलं. सुरेखानं फाटलेल्या पडद्याकडं बघितलं. तो वानरांनी फाडला होता. नवा आणायला सवड नव्हती, म्हणून तिनं खताच्या रिकाम्या गोण्या जोडून शिवलेल्या. मामांच्या घरी एक नवीकोरी ताडपत्री होती. सोयाबीनच्या ढिगावर टाकायला आणलेली. सोयाबीन बाजारात जाऊनही काळ लोटला, ताडपत्री मात्र घडी घालून माळवदावर पडलेली. भारतनं एकदा मागून पाहिली होती. मामा म्हणाले, "ताडपत्री आन् दाताचा ब्रश, या दोन गोष्टी आपण उसन्या देत न्हाई." मामा दात राखुंडीनं घासतात, ही गोष्ट वेगळी.

माणसं आत येऊ नयेत म्हणून भारतनं घनसावंगीहून पाटी रंगवून आणली. 'बाहेरील व्यक्तीस आत येण्यास सक्त मनाई आहे.' पाटी लागेपर्यंत दिवसाकाठी एखाददुसरा माणूस यायचा. पाटी लागल्यावर ती वाचायला लोक येऊ लागले. वाचून झालं की आत काय आहे ते बघावंसं वाटणं साहजिकच होतं. शेजारचे पुंजाराम तर शेडच्या दारातून आत मान घालून सांगून गेले, "भारता, पाटी बाहेरून नीट दिसून न्हाई राह्यली बघ. थोडी उंच लाव."

"पण तात्या, बाहेरच्यांनी यायचं न्हाई असं लिव्हलंय."

"व्हय की. मी त्याच्यासाठीच सांगाया आलो. बाहेरच्याला दिसाया नको का?"

अशी दोन-तीन दिवसांची परिस्थिती. मामा नशिबानं लग्नसराईत अडकलेले होते, पण लग्नं काय, कधीतरी संपतातच.

मग एक लहानशी गोष्ट घडली. चतुराबाईंनी पिल्लांना दृष्ट लागू नये म्हणून शेडच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा खोवला, आणि शेडात धूर करायचा नाही असं सुमेधानं बजावलं असल्यामुळे दाराबाहेरच एका खापरात ओव्याची धुरी ठेवली. शेजारची द्वारकाबाई नेहमीप्रमाणे विरजण मागायला आली. ती विरजण मागायला येते तेव्हा आधी शेड बघते, मग गोठा, मग सुरेखाची भाजी, आणि मग विरजण. पण त्या दिवशी ती फाटकातच थबकली. लिंबाचा डहाळा. ओव्याचा वास. पडद्याआड अंधूक उजेड. आत शेगडीची धग.

"मी आपली हितूनच जाते, चतुराआत्या," ती म्हणाली. "आमच्यात पोथी लावलीय." आणि वाटी तशीच घेऊन परत गेली.

या घरात कुणी बाळंत झालेलं नाही, हे द्वारकाबाईला चांगलं माहीत होतं. पण ते तिच्या पायांना माहीत नव्हतं.

सुरेखा हे चुलीपाशी बसून बघत होती. तिनं त्या दिवशी सासूला अवेळी चहा करून दिला. चतुराबाईंनी कप हातात घेतला आणि विचारलं, "काय पाह्यजे?"

"काय न्हाई. आत्याबाई, घरात बाळंतीण असली की किती दिस कुणी येत न्हाई?"

"बारा दिस. बारसं झाल्यावर मंग खुलं."

"आन् आत जायचं तर?"

"हातपाय धुऊन. बाहेरून आलेल्यानं तसंच बाळापाशी जायचंच न्हाई. बाहेरचं काय काय चिकटून येतं पायाला."

"सुमेधा मॅडम बी हेच म्हणून राह्यल्या."

चतुराबाईंनी चहाचा घोट घेतला. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. सुनेच्या बोलण्याला किती महिने झालेत हे त्यांना नुसतं बघून कळायचं.

"पिल्लांची सोयर धरायची म्हणतीस?"

"गाय व्याली तर आपण पाळतोच की. तिचं दूध दहा दिस देवाला न्हाई दाखवत."

"गाय वासरू देती. ही तर अंड्यातून निघतेत."

"निघतेत तर खरी, आत्याबाई."

चतुराबाईंनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पण धरायची तर बराबर धरायची. खोटी सोयर माझ्याच्यानं व्हणार न्हाई."

तिथून पुढं सगळं बराबर झालं. घरातल्या देवांची पूजा पुंजारामांच्या घरी सोपवली गेली. चतुराबाईंनी आपलं अंथरूण शेडातल्या कोपऱ्यात नेलं, आणि दोन शेगड्यांच्या मधे बसून त्या पिल्लांच्या आवाजावर कान ठेवू लागल्या. पोट भरलेल्या पिल्लाचा आवाज मऊ असतो, गारठलेल्याचा टोकदार. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवी पुजली. पाटा मांडला, वरवंट्याला कुंची घातली, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं, कारण पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. पाच हजार कपाळं म्हणजे सटवाईला एका रात्रीत काम जास्त झालं असेल असं भारतला वाटलं. पण तसं वाटायचं कारण नव्हतं. सगळ्यांच्या कपाळी एकच ओळ लिहायची होती, आणि ती काय असणार हे कंपनीला आधीपासून ठाऊक होतं.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. लोक हसले. हसले, पण आले नाहीत. पाटी धुडकावणाऱ्यांनी डहाळा पाळला. पुंजाराम फाटकाबाहेर उभे राहून ओरडून विचारायचे, "बाळ-बाळंतीण बरी हायत का?" आणि तिथूनच माघारी जायचे.

सुमेधा आली तेव्हा सुरेखानं तिला सगळं सांगितलं. सुमेधानं हातातलं पिल्लू खाली ठेवलं.

"ताई, एक सांगते. विटाळ हा शब्द माझ्यासमोर नको. आमच्या आजोबांनी तो सोडला, मी पुन्हा उचलून घेणार नाही."

"न्हाई मॅडम. तो शब्द आमी बिलकुल काढला न्हाई. सोयर म्हणतो."

"तो पण फार आवडला अशातला भाग नाही." सुमेधानं पत्र्याच्या कड्याभोवती नजर फिरवली. पिल्लं सगळीकडं सारखी पसरली होती, खात होती, कुठं घोळका नव्हता. "पण यांना मानवलेला दिसतोय. मी वरती कळवते, बाहेरच्यांची ये-जा बंद आहे. का बंद आहे, ते कंपनी विचारत नाही. त्या पडद्याचं तेवढं बघा. रात्रीचा वारा वाढणार आहे."

दुसऱ्याच दिवशी लग्नसराई संपली आणि फाटकात मामांची मोटरसायकल उभी राहिली.

"हितंच थांब, भुजंगा," चतुराबाई शेडच्या दारातून म्हणाल्या. "सोयर हाय."

"कुणाची?"

"पिल्लांची."

दुसरा कुणी हसला असता. मामा हसले नाहीत. ते मोटरसायकल स्टँडला लावून विचार करू लागले, आणि हीच त्यांची धोक्याची बाजू होती. कुंपणापलीकडं पुंजाराम आणि द्वारकाबाई आपापली कामं टाकून येऊन उभे राहिले.

"आक्का," मामा म्हणाले, "सोयर कुणाला लागती?"

"भावकीला."

"मी तुमच्या भावकीतला हाय का?"

चतुराबाईंनी दाराची चौकट धरली.

"मी तुझ्या माहेरचा. माहेरच्याला कसली आली सोयर? बोल, चुकीचं बोलून राह्यलो का?"

चुकीचं नव्हतं. खोटी सोयर धरायची नाही म्हणणाऱ्या बाईला खरा नियम नाकारता येईना. त्या दारातून बाजूला झाल्या. मामा चपला फटफटवत पुढं निघाले. चालता चालता सांगत होते, "आत्ताच भागवतच्या शेडवर गेल्तो. त्याची पिल्लं नुसती माना टाकून राह्यलीत. एकेक हातात घेऊन बघितलं. म्या म्हणलं, हळद पाज जल्दी."

सुरेखाची नजर आधी त्यांच्या हातांवर गेली, मग चपलांवर. भारतची नजर स्वतःच्या अंगठ्यावर होती आणि तो अंगठा मातीत एक खड्डा करत होता. त्याच्याकडून आज एवढंच खोदकाम होणार होतं.

"मामा," सुरेखा म्हणाली आणि बोलता बोलता वाटेत येऊन उभी राहिली, "तुमचं बराबर हाय. तुमाला कसली सोयर? पण मला एक सांगा, तुमी माहेरचे, म्हणजे कुणाच्या माहेरचे?"

"आक्काच्या."

"म्हणजे बाळंतीण कोण धरायची? मी?"

"तू कशी? तिथं दारातून अंथरूण दिसून राह्यलं, ते आक्काचं. शेगडीपाशी बसून आक्काच राह्यली. आई म्हणायची तर आक्कालाच म्हणावं लागंल." मामांना वादात स्वतःची बाजू भक्कम करायची सवय होती. ती त्यांनी आताही केली. "म्हणून तर म्हणतो, मला सोयर न्हाई."

"आन् आईचा भाऊ बाळाचा कोण?"

"मामा," पुंजाराम कुंपणावरून म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"मंग मामा पहिल्यांदा बाळ बघाया आला," सुरेखा म्हणाली, "आन् हात रिकामे?"

चतुराबाईंचा चेहरा उजळला. नियम पुन्हा त्यांच्या बाजूनं आला होता. त्या सरकून परत दारात उभ्या राहिल्या.

मामांनी खिसे चाचपले. लग्नातल्या बडीशेपेची पुडी निघाली. "एका पिल्लाला—"

"एकाला दिली तर बाकीच्यानं काय घोडं मारलं?" द्वारकाबाई म्हणाली.

"मामाला कुंची आणावी लागती," चतुराबाई म्हणाल्या. "कुंची-टोपडं आणल्याबिगर मामाला बाळाचं तोंड बघता येत न्हाई. हे बी खरंच हाय, भुजंगा. चुकीचं असंल तर सांग."

"आगं, पाच हजार कुंच्या?"

"सगळे तुझेच भाचे."

"तालुक्यात एवढे शिंपी न्हाईत."

"एवढ्या शिवत कशाला बसता, मामा?" सुरेखा अगदी कळवळून म्हणाली. "उगा खर्च. सगळे एकाच खोलीत झोपतेत. सगळ्यांला मिळून एकच मोठी कुंची आणा. त्या बाजूनं गार वारा येतो तेवढा झाकला म्हणजे झालं."

एवढं मोठं कापड कुठं मिळणार, असं मामा म्हणणारच होते. पण पुंजारामांना आयुष्यात योग्य वेळी बोलायची संधी फार थोड्या वेळा मिळाली होती.

"तुमच्याकडं ताडपत्री हाय की, भुजंगराव. माळवदावर. नवीकोरी."

मामांनी एकदा पुंजारामांकडं बघितलं, एकदा त्या फाटक्या गोण्यांकडं, आणि मग भाच्याकडं, ज्याला त्यांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. भारतनं अंगठ्याचा खड्डा अजून थोडा खोल केला. मामा काही न बोलता गाडीवर बसले. गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली नाही, त्यामुळे काही न बोलण्याचा काळ अंमळ लांबला.

"लय मनाला लावून घेतलं वाटतं," भारत म्हणाला. "आता येतेत का न्हाई कुणास ठाऊक."

"येतील," सुरेखा म्हणाली. पण तिला तशी खात्री नव्हती.

त्या संध्याकाळी सुमेधानं सांगितलेला वारा आला. दिवस बुडताच गोण्यांची शिवण टरकन उसवली आणि गार झोत थेट कड्यावर आला. मऊ आवाज एकदम टोकदार झाला. पिल्लं दक्षिणेच्या कोपऱ्याला सरकली, एकमेकांवर चढायला लागली, आणि पिवळा ढीग डोळ्यांदेखत उंच होऊ लागला. चतुराबाई त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालची पिल्लं वर काढत होत्या. सुरेखानं घरातल्या सगळ्या गोधड्या आणल्या. भारतनं खांबाला दोर बांधून त्या टांगल्या. मग पलंगावरची सतरंजी टांगली, मग देवघराचा पडदा, मग त्याच्या लग्नातला कोट. शेड आता उत्तरेकडून एखाद्या घराच्या वाळवणासारखं दिसत होतं. पिल्लं हळूहळू पसरली. ढिगाखालची थोडी गेली, बाकीची वाचली. ती रात्र तिघांनीही शेगडीपाशी बसून काढली, कारण पांघरायला घरात काही उरलंच नव्हतं.

"उद्या रातच्याला काय?" भारतनं विचारलं.

सुरेखानं शेगडीत कोळसे टाकले.

उत्तर मामांच्या गावात तयार होत होतं. द्वारकाबाईची बहीण त्याच गावात दिलेली होती आणि तिच्याकडं मोबाइल होता. मामा घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. वेशीपाशी एकानं विचारलं, "भुजंगराव, भाचे झाले म्हणं." पारावर दुसऱ्यानं विचारलं, "कुंची कवा न्हेता?" जांबकडं जाणाऱ्या जीपमधून एक ओळखीचा ड्रायव्हर नुसता हात वर करून म्हणाला, "लई लेकुरवाळे झाले बुवा." आणि घरात त्यांच्या पत्नी सगुणाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"भारतच्या बारशाला बी तुमी कुंची न्हेली न्हवती," त्या म्हणाल्या. "नणंदबाईंनी तवा तोंडानं काय म्हणलं न्हाई. पण मला अजून त्यांच्याकडं मान वर करून बघता येत न्हाई. ती ताडपत्री खाली काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ताडपत्री गाडीवर बांधून आले. तिच्या एका कोपऱ्याला सगुणाबाईंनी हळदकुंकू लावलं होतं.

गाडी फाटकात दिसली तशी सुरेखा सासूच्या कानाशी लागली. चतुराबाईंनी तिच्याकडं बघितलं. आयुष्यभर त्यांनी नियम पाळले होते, एकही बनवला नव्हता. मग त्यांनी शेडात टांगलेल्या आपल्या गोधडीकडं बघितलं.

"भुजंगा," त्या म्हणाल्या, "मानाचा मामा अंगुळ केल्याबिगर कुंची घालत नसतो."

"मी घरून अंगुळ करून आलोय."

"ती तुझ्या घरची झाली. ही मानाची."

"हे कधी ऐकलं न्हाई म्या."

"आमच्या चुलतसासूकडं व्हतं," चतुराबाई म्हणाल्या. चुलतसासू वारून बरीच वर्षं झाली होती.

पाणी तापलेलंच होतं. साबण नवा होता. भारतनं मामाची पाठ चोळली, आणि मामांना हे सगळं मनातून आवडलेलं आहे हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. आंघोळ होते तोवर त्यांचे कपडे सुरेखानं औषधाच्या पाण्यात बुडवून टाकले. "धुऊन देते मामा, पावण्याला मळके कपडे घालून पाठवायचं का?" त्याबदल्यात आहेर म्हणून धुवट पायजमा, बंडी, टोपी आणि नवा टॉवेल. चपला फाटकापाशीच राहिल्या. मग चतुराबाईंनी भावाला दारात उभं केलं, घमेल्यात दोन्ही पाय ठेवायला लावले आणि तांब्यानं पाणी घातलं. नंतर हात.

"पाणी गुलाबी का हाय?" मामांनी विचारलं.

"कुंकू टाकलंय," सुरेखा म्हणाली.

मामांनी खांबांवर चढून स्वतःच्या हातानं ताडपत्री बांधली. गाठी अशा मारल्या की त्या परत सोडायच्या आहेत हा विचार त्यांच्या मनात नसावा, किंवा फारच असावा. वारा थांबला. लग्नाचा कोट खाली उतरला.

आता आत जाण्यापासून त्यांना अडवणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि अडवायची गरजही नव्हती. फक्त चतुराबाईंनी आहेराचा टॉवेल त्यांच्या नाकातोंडावरून नेऊन मागं गाठ मारली. "लेकरावर श्वास सोडायचा न्हाई."

मामा कड्यापाशी बसले. एक पिल्लू उचललं. सवयीनं उलटं केलं. फुंकर मारली. टॉवेल फुगला, पिसं काही हलली नाहीत. त्यांनी पुन्हा मारली. पिल्लू उलट्या अवस्थेतून त्यांच्याकडं बघत राहिलं. तालुक्यातल्या एकाही शेडात असं झालं नव्हतं. मामांनी पिल्लू सरळ केलं, ओंजळीत धरलं आणि बऱ्याच वेळानं टॉवेलातून निकाल दिला.

"गुणाचं हाय."

तेवढ्यात सुमेधा आली. दारात धुतलेले पाय, धुवट कपडे, तोंड बांधलेला, टोपी घातलेला एक पोक्त माणूस पिल्लू तपासतोय हे बघून ती जागीच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, कंपनीचे मोठे डॉक्टर येणार होते ते आधी सांगायचं ना मला."

"डॉक्टर न्हाईत. मामा हायेत."

सुमेधानं नीट बघून घेतलं. "आमचे डॉक्टर आंघोळ करून येत नाहीत," ती म्हणाली. मग तिनं ताडपत्री बघितली, वरची हातभर जागा हवेसाठी मोकळी ठेवायला सांगितली आणि गेली.

बारसं झालं. द्वारकाबाईनं घुगऱ्या वाटल्या. पिल्लांना पांढरी पिसं फुटली, ती बेढब दिसू लागली, मग भरली. अशी बॅच या भागात बघितली नाही असं सुमेधा म्हणाली, आणि पुढच्या बॅचचा दिवसही सांगून गेली. ठरल्या दिवशी कंपनीची गाडी आली आणि भाचे घेऊन गेली. सटवाईची ओळ खरी ठरली.

गाडी गेली की चार-दोन कोंबड्या घरी ठेवून पाहुण्यांना जेवायला बोलवायचं, अशी या सगळ्या शेडवाल्यांची रीत आहे. मामांना ती पाठ होती. ते बरोबर जेवणाच्या वेळी आले. स्वयंपाकघरातून रश्शाचा वास अंगणापर्यंत आलेला. पुंजाराम आधीच येऊन ताटावर बसले होते आणि नळी चोखत होते. मामांनी हात धुतले, मांडी घातली, बाह्या वर केल्या.

चतुराबाईंनी त्यांच्यापुढं ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि शेपूची भाजी.

मामांनी भाजीकडं बघितलं. मग पुंजारामांच्या ताटाकडं.

"आक्का, रस्सा?"

"तुला कसा वाढू?" चतुराबाई खऱ्या काळजीनं म्हणाल्या. "भाचे हायत तुझे. भाच्यांच्या जिवावर उठलेला मामा एकच झाला, आन् त्याचं पुढं काय झालं ते तू कीर्तनात बसून ऐकलंयस."

"आन् तू? तू तर आई."

"म्या कालपासून शेपूच खाऊन राह्यले," चतुराबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. सोयर त्यांनी बराबर धरली होती.

मामा जेवले. भाजी वाईट नव्हती, पण शेपू ती शेपूच. हात धुताना त्यांची नजर शेडकडं गेली. उत्तरेच्या बाजूला त्यांची ताडपत्री ताणून उभी होती, कोपऱ्यातलं कुंकू अजून टिकून होतं.

"भारता," ते म्हणाले, "आता शेड रिकामं झालं. ती ताडपत्री सोडून दे म्हणलं."

भारतनं अंगठ्याकडं बघितलं. मग, का कोण जाणे, मान वर केली.

"मामा," तो म्हणाला, "बाळाची कुंची कुणी परत न्हेतं का? पुढच्या लेकरांला व्हईल ती."

सुरेखानं नवऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी ती मऊ आवाज काढणाऱ्या पिल्लाकडं बघायची. मामा खांबावरच्या आपल्याच गाठींकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं,

"पुढची कधी येऊन राह्यलीत?"

"पंधरा दिसांनी."

"मंग साबण नवा आणून ठेव," मामा म्हणाले आणि गाडीला किक मारली.